अठरा पूर्ण, पत्ता नाही

पूर्वी कोकणातला पोरगा थेट मुंबईत येत नसे. तो आधी गावाच्या खोलीत येई. लालबाग, परळ, गिरगाव, डोंगरी, माझगाव अशा भागांत गावोगावच्या मंडळांनी भाड्याने किंवा पागडीने खोल्या घेऊन ठेवलेल्या असत. एका लहानशा खोलीत पंचवीस-तीस माणसं. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी, तिच्याखाली एक पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेली वळकटी. गिरण्या तीन पाळ्यांत चालत म्हणून झोपही पाळीनेच. रात्रपाळीवाला सकाळी परतायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याने जागा नुकतीच मोकळी केलेली असायची. जेवण खानावळीत, आंघोळ सार्वजनिक नळावर आणि वर्गणी महिन्याच्या महिन्याला खोलीच्या सेक्रेटरीकडे. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या माणसांच्या गावनिहाय ‘कूड’ होत्या, काही अजून आहेत. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारे खलाशी तिथे उतरायचे. संध्याकाळी प्रार्थनेला हजर राहायचं, वर्गणी वेळेवर द्यायची, भांडण करायचं नाही, हे तिथले नियम.

या जागांबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. तिथे ढेकूण होते, क्षय होता, दादागिरी होती. दुसऱ्या गावच्याला जागा नव्हती, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या जातीच्यालाही नव्हती आणि बाईमाणसाला तर नव्हतीच. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराला या खोल्या छपरापेक्षा बरंच जास्त देत. पत्र यायला पत्ता मिळे. मुकादमाकडे ‘आपला माणूस आहे’ म्हणून शब्द टाकणारं कुणी मिळे. तापाने फणफणला तर केईएममध्ये नेणारं, पगार उडवला तर चार शिव्या घालणारं आणि काही बरंवाईट झालंच तर गावी कळवणारं माणूस मिळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, मग चाळींचे टॉवर झाले. नव्या सदनिकेत नाव कुणाचं लागणार यावर अनेक मंडळांत वाद पेटले, तो विषय वेगळा.

आज जो पोरगा एकटा मुंबईत उतरतो त्याला बरेचदा असं गाव नसतं. किंवा गाव असतं, पण तिथे परत जायला तोंड नसतं. बाप मारतो, सावत्र आई खायला घालत नाही, दहावीत नापास झाला, दुसऱ्या जातीतल्या मुलीवर जीव जडला, मुलगा असून मुलग्यावरच जीव जडला, घरावर कर्ज आहे आणि खाणारी तोंडं जास्त आहेत. काही जण कुठूनच आलेले नसतात, ते इथल्याच फुटपाथवर जन्मलेले असतात आणि त्यांची आईही तिथेच जन्मलेली असते. काही जण बालगृहातून वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बाहेर पडलेले असतात. अशांसाठी या शहराकडे खोली नाही आणि खुंटीही नाही.

चर्चगेटहून शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते आणि पहिली पहाटे सव्वाचारच्या सुमारास. मधले तीन तास स्टेशनं झाडून काढायची असतात, म्हणून माणसंही झाडून काढली जातात. त्या वेळी दादरच्या किंवा सीएसएमटीच्या बाहेर फेरी मारली तर म्हातारे भिकारी आणि गर्दुल्ले यांच्यामध्ये एक वेगळं पोरगं हमखास दिसतं. वय एकोणीस-वीस, अंगात काळी पँट आणि पांढरा शर्ट, कॉलरला केटररचा क्लिपवाला बो अजून तसाच. लग्नाच्या हॉलवरून शेवटची पंगत उठल्यावर चालत आलेला असतो. कपड्यांची पिशवी पानटपरीवाल्या मामाकडे ठेवलेली असते, तिचे रोजचे पैसे द्यावे लागतात. फोन चड्डीच्या आतल्या खिशात आणि बूट उशाखाली, लेस मनगटाला गुंडाळून. बूट चोरीला गेले तर उद्या ठेकेदार कामावर घेणार नाही, इतका साधा हिशोब त्यामागे असतो. डोळा लागतो न लागतो तोच पायावर काठी पडते.

“ए, उठ. कुठला रे तू?”

“इथलाच, साहेब.”

“इथला म्हणजे कुठला?”

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसतं, आणि कायदा नेमका हाच प्रश्न विचारतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद अवस्थेत आढळणाऱ्याला लागू होतं. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ अजून महाराष्ट्रात जिवंत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण ज्या शहराचं नाव तो मिरवतो तिथे मात्र तो सुखेनैव नांदतो आहे. उघड उपजीविकेचं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं हेही त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत बसतं. लग्नात वऱ्हाड्यांना बासुंदी वाढून आलेला पोरगा आपलं साधन उघड कसं करणार? केटरर काही नेमणूकपत्र देत नाही.

अशी मुलं किती आहेत? २०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली, त्यातली ९ लाख ३८ हजार शहरांत. बृहन्मुंबईचा आकडा सत्तावन्न हजारांच्या वर होता. ही मोजदाद झाली ती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. फेब्रुवारी म्हणजे ऐन लग्नसराई. त्या रात्री प्रगणक फुटपाथवर फिरत होते तेव्हा केटरिंगची पोरं कुठल्यातरी हॉलच्या मागच्या बाजूला ताटं विसळत असणार. मुंबईत बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था हा आकडा फार कमी असल्याचं वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून अन्नाच्या हक्काच्या खटल्यात वेळोवेळी आदेश दिले, त्यातून शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असं सूत्र ठरलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तेच सूत्र घेतलं: दर लाखामागे किमान शंभर माणसांची सोय, माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, दार चोवीस तास उघडं. २०११ ची १ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तरी मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. जागाच नाही, हे महापालिकेचं ठरलेलं उत्तर. जागा नाही हे खरं मानायला या शहरात जरा जड जातं.

पण उद्या सव्वाशे निवारे उभे राहिले तरी त्या बो लावलेल्या पोराचा प्रश्न सुटेल का? थोडाच. मोठ्यांच्या निवाऱ्यात एका दालनात ओळीने गाद्या असतात. शेजारी पन्नाशीचा दारूडा, पलीकडे टीबीचा म्हातारा, कोपऱ्यात स्वतःशीच बोलणारा एक जण. त्या सगळ्यांना निवारा हवाच, त्यांचा हक्कच आहे तो. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला तिथे आपलं पुढचं आयुष्य ओळीने मांडून ठेवलेलं दिसतं आणि तो पळतो. शिवाय निवारा एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला. चोवीस तास उघडा असल्याचा नियम फलकावर असतो आणि रात्री दोनला दार ठोठावणाऱ्याला पहारेकऱ्याचा अनुभव वेगळा येतो. “त्यापेक्षा फुटपाथ बरा,” असं ही मुलं म्हणतात, त्यात मिजास नसते.

मुलांसाठीची व्यवस्था त्या मानाने जुनी आणि पुष्कळ बरी आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची मुलांसाठीची संस्था १८५७ पासूनची. मुंबई बाल अधिनियम १९२४ चा, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची, डोंगरीचं उमरखाडी निरीक्षणगृह आणि मानखुर्दचं बालगृह तिच्याच छत्राखालचं. हरवलेल्या, पळालेल्या, मार खाणाऱ्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन सुरू झाली तीही मुंबईतच, १९९६ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रयोग म्हणून. फलाटावर राहणाऱ्या मुलांनीच तो क्रमांक ‘दस नौ आठ’ असा तोंडी बसवला आणि पुढे तो देशभर गेला. समतोल फाउंडेशनसारख्या ठाण्याच्या संस्थेचे कार्यकर्ते तर गाडी थांबली की डब्यातून उतरणारी एकटीदुकटी मुलं हेरतात, त्यांना बोलतं करतात, शिबिरात ठेवतात आणि घरचा ठावठिकाणा काढून आईबापांच्या हाती देतात. पळून आलेलं मूल पहिल्या काही दिवसांत सापडलं तर परतण्याची शक्यता जास्त, आणि एकदा नशेच्या ‘सोल्युशन’ची चिंधी नाकाला लागली की गणित बदलतं, हे या कामातलं कुणीही सांगेल.

ही सगळी दारं अठराव्या वाढदिवसाला बंद होतात. सतरा वर्षं अकरा महिन्यांचं पोर फलाटावर सापडलं तर ते ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असतं. त्याच्यासाठी बाल कल्याण समिती बसते, रेल्वे पोलीस धावतात, हेल्पलाइन वाजते. दोन महिन्यांनी तेच पोर, त्याच फलाटावर, त्याच फाटक्या चपलेत सापडलं तर कलम १२२.

बाल न्याय अधिनियम, २०१५ तयार करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात मिसळता यावं म्हणून आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ असं म्हटलं आहे. नियमांत अनुरक्षणाची, म्हणजे आफ्टरकेअरची, मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत आहे. सारी गोम त्या ‘देता येईल’ मध्ये आहे. सरकारी कागदावर ‘देता येईल’ म्हणजे मागितलं तर, निधी असला तर, साहेबांनी सही केली तर. महाराष्ट्रातली अनुरक्षणगृहं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून अशा मुलामुलींसाठी महिना चार हजार रुपये ठरले आहेत. मुंबईत बऱ्याच भागांत कॉट बेसिसवर नुसती झोपायची जागा घेतली तरी ते तिथेच संपतात, जेवण आणि लोकलचा पास वेगळा.

आणि हे सगळं फक्त संस्थेत राहिलेल्यांसाठी. जो कधी बालगृहाची पायरी चढलाच नाही, सोळाव्या वर्षापासून कँटीनमध्ये भांडी घासत राहिला, त्याच्यासाठी कलम ४६ सुद्धा नाही. पकडला गेला असता तर हक्क मिळाला असता. कष्ट करून खात राहिला, हीच त्याची चूक झाली म्हणायची.

अठराव्या वर्षी काय होतं याची महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा झाली ती गोव्यातल्या एका अनाथाश्रमात वाढलेल्या मुलीमुळे. वय पूर्ण झाल्यावर ती तिथून निघाली, पुण्याची गाडी पकडली आणि पहिली रात्र पुणे स्टेशनवर काढली. मिळेल ते काम करत शिकली, पदवी घेतली, एमपीएससीच्या परीक्षेला बसली. गुण पुरेसे पडले, तरी निवड झाली नाही, कारण नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र नव्हतं. आईबाप कोण हे जिला ठाऊक नाही तिने आईबापांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा होता. ती थेट तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यातून २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय झाला. चांगलाच झाला. पण आरक्षणापर्यंत पोहोचायला आधी पदवी लागते, पदवीपर्यंत पोहोचायला तीन-चार वर्षं कुठेतरी झोपावं लागतं, आणि स्टेशनवरची ती पहिली रात्र शासननिर्णयात कुठेच नाही.

याच संदर्भात शफीक सय्यदची आठवण होते. बंगळुरूहून पळून मुंबईत आलेला, चर्चगेट स्टेशनवर राहणारा हा मुलगा मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’चा नायक झाला. १९८८ चा हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, शफीकला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि त्याने पुढे हजारो मुलांना हात दिला. शफीक मोठा झाला आणि बंगळुरूला परत जाऊन रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात काहीच कमीपणा नाही, पण या गोष्टीत एक गोम आहे. रस्त्यावरच्या लहान मुलाचे डोळे सगळ्यांना दिसतात, त्यांचं पोस्टर होतं. मिसरूड फुटलं की तेच डोळे संशयास्पद दिसायला लागतात.

मुली या चित्रात फारशा दिसत नाहीत. मुलगी सहसा स्टेशनवर दुसरी रात्र काढत नाही. तिला कुणीतरी ‘मदत’ करतं, आणि ते कोण आहे यावर पुढचं सगळं ठरतं. अनेक जणी चोवीस तासांची घरकामाची नोकरी धरतात, पगारासाठी कमी आणि स्वयंपाकघरात रात्री अंथरायला मिळणाऱ्या चटईसाठी जास्त. नोकरी सुटली की चटई सुटते, म्हणून मालकाच्या हाताबद्दल तोंड उघडत नाहीत. संस्थांमधल्या मुलींसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं पुनर्वसनाचा एकच रामबाण उपाय आहे, तो म्हणजे लग्न. मंडप घालून, पाहुण्यांच्या हस्ते संसारोपयोगी भांडी देऊन. काही संसार उत्तम चालतात. जे चालत नाहीत त्यांतल्या मुलीला माहेर नसतं, हे मंडपात कुणी बोलत नाही. घरच्यांनी हाकललेल्या तृतीयपंथी तरुणांसाठी केंद्राने २०२० पासून ‘गरिमा गृह’ सुरू केली, एका गृहात जेमतेम पंचवीस जणांची सोय. अशा पोरांची मुंबईकडे येणारी रीघ पाहिली तर पंचवीस हा आकडा मजेशीर वाटावा.

न्यायालयांनीही या माणसांकडे एकाच नजरेने पाहिलेलं नाही. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना उचलून गावी धाडायचं ठरवलं, त्यातून ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं, जरी फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला. जुलै २०२१ मध्ये बेघरांना जेवण, पाणी, निवारा मिळावा म्हणून केलेली याचिका निकाली काढताना मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की सगळंच सरकार देऊ शकत नाही, या लोकांनीही काम करायला हवं. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने बेघरांना शहराबाहेर फेकून देता येणार नाही, तीही माणसंच आहेत, असं बजावलं. २०२१ च्या मताबद्दल आदर ठेवून एवढंच म्हणता येईल की काम हा या तरुणांचा प्रश्न नाहीच. मंडप तेच बांधतात, मंडईत पहाटे टेम्पो तेच उतरवतात, गणपतीत ढकलगाड्या तेच ढकलतात. कामाचा दिवस संपल्यावर ते कुठे जातात, एवढंच कुणाला सांगता येत नाही.

‘देत बसलं तर गर्दीच वाढेल’ हा आक्षेप मुंबईकराच्या ओठावर कायम असतो. ‘अठरा वर्षांचा धट्टाकट्टा आहे की’ हा दुसरा. तो घेणाऱ्याने आपल्या घरात डोकावून पाहावं. घरचा मुलगा चोविसाव्या वर्षी दुसरी डिग्री करत असतो आणि आई त्याच्या डब्यात लोणचं वेगळ्या डबीत देते. बंगळुरूला नोकरी लागली तर डिपॉझिट बाप भरतो. नोकरी सुटली तर तो आपल्या खोलीत परत येतो आणि ‘अजून लहान आहे हो’ असं शेजाऱ्यांना सांगितलं जातं. ज्याच्या मागे कुणी नाही, तो तेवढा अठराव्या वर्षी एका रात्रीत मोठा व्हावा, अशी समाजाची अपेक्षा आहे.

उलट वाटेने जाऊन काय साधतं, हे विदर्भात दिसतं. अचलपूरजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या अंध, मूकबधिर, मतिमंद मुलांना सांभाळतात. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शंभराहून अधिक मुलांना बाप म्हणून त्यांनी आपलं नाव दिलं आणि अठराव्या वर्षी यांना बाहेर काढण्याचा नियम बदला, असं ते सरकारला वर्षानुवर्षं सांगत आहेत. जळगावच्या रेल्वे स्टेशनवर टाकलेली एक दृष्टिहीन मुलगी त्यांच्याकडे वाढली, शिकली आणि विशी उलटून गेल्यावर एमपीएससीतून लिपिक पदासाठी निवडली गेली. अठराव्या वर्षी तिला दाराबाहेर ठेवलं असतं तर? अनाथांना सांभाळणाऱ्या सिंधुताई सपकाळांनीही कायद्याची वयाची रेघ कधी मनावर घेतली नाही. त्यांच्याकडून मुलगा वा मुलगी बाहेर पडे ती मार्गी लागल्यावर. पण मोठ्या मनाच्या माणसांवर व्यवस्था चालत नाही. अशी माणसं जिल्ह्यात एकही नसू शकतात आणि असली तरी म्हातारी होतात.

म्हणून ‘देता येईल’च्या जागी ‘द्यावे’ हा शब्द यायला हवा, आणि तो बालगृहाचा शिक्का असलेल्यांपुरता नको. पंचविशीच्या आतला जो कुणी मागे माणूस नसलेला आहे, त्याला अठराव्या वर्षी दार बंद करण्याऐवजी हात हळूहळू सोडायचा. पहिल्या वर्षी पूर्ण भाडं, दुसऱ्या वर्षी निम्मं, मग फक्त अडीनडीला. यासाठी आकाशातून योजना आणायला नको. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जेवण आणि राहण्यासाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम थेट खात्यात जाते. हप्ते रखडल्याच्या तक्रारी होतात, तरी मूळ विचार पक्का आहे. इमारत बांधत बसण्यापेक्षा मुलाच्या हातात भाडं द्यावं. तोच विचार घर नसलेल्या काम करणाऱ्या तरुणाला लावायला काय हरकत आहे?

पैशाइतकीच अडचण ओळखीची आहे. खोली घ्यायला गेलं की ‘बॅचलर नको’, मग ‘आडनाव काय’, मग ‘घरचे कुठे असतात’. करारनामा नोंदवायचा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची, दोन ओळखीच्यांची नावं द्यायची. इथे महापालिकेने किंवा एखाद्या विश्वासू संस्थेने डिपॉझिटची हमी घेतली आणि करारावर सही केली तर सहा-सात पोरं मिळून एक भाड्याची खोली चालवू शकतात. वॉर्डन नको, फारतर आठवड्यातून दोनदा येऊन ‘काय रे, जेवलास का, नोकरीचं काय झालं’ विचारणारं एखादं माणूस हवं. गावाच्या खोलीत हे काम सेक्रेटरी करायचा. फरक एवढाच की या खोलीत गाव आणि जात विचारली जाऊ नये.

कागदांचं जाळं तर विनोदीच आहे. अठरा ते पस्तीस वयाच्या तरुणांना महिना सहा ते दहा हजार विद्यावेतन देणारी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तिला अधिवास लागतो. अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पंधरा वर्षं ज्या फुटपाथवर काढली त्याला वीजबिल येत नाही. याबाबत निवडणूक आयोग सगळ्यांपेक्षा शहाणा निघाला. बेघर माणसाने मतदार म्हणून अर्ज केला तर केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो खरंच तिथे झोपतो का पाहायचं, एकापेक्षा जास्त रात्री पाहायचं आणि नाव नोंदवायचं, असा नियम आहे. मतासाठी फुटपाथ हा पत्ता चालतो. मग रेशनकार्डासाठी आणि अधिवासासाठी तोच रात्रीचा पंचनामा का चालू नये?

आणि काही गोष्टी इतक्या किरकोळ आहेत की त्या मागायलाही संकोच वाटावा. मोठ्या स्टेशनांजवळ महिनेवारी भाड्याचं कुलूपबंद कपाट, ज्यात बूट, कागदपत्रांची फाइल आणि इस्त्रीचा शर्ट राहील. कागदं भिजली किंवा चोरीला गेली की ही मुलं दोन-दोन वर्षं मागे फेकली जातात. रात्री दीडलाही उघडं असलेलं आंघोळीचं ठिकाण. बालगृहातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला जिल्हा बाल संरक्षण कक्षातून महिन्याला एक फोन, तोही निदान तीन वर्षं. फोन उचलला नाही तर शोध घ्यायचा, फाइल बंद करायची नाही.

२०२७ मध्ये पुन्हा जनगणना आहे. बेघरांची मोजणी प्रथेप्रमाणे फेब्रुवारीअखेरच्या रात्री झाली तर तेव्हाही लग्नसराई असेल. प्रगणकांनी अकरा वाजता फुटपाथ मोजून घरी जाऊ नये. दादरच्या पुलाखाली, सीएसएमटीच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी जरा थांबावं. शेवटची पंगत उठायला साडेबारा होतात, भांडी आवरायला एक. दोनच्या सुमारास काळी पँट आणि पांढरा शर्ट घातलेली पोरं चालत येतील.